ज्वालामुखीच्या राखेमुळे थांबलेली विमानसेवा पुन्हा सुरू होताना : खान्देशातील प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीची राख अरबी समुद्र ओलांडून भारतावर आली, तेव्हा जळगावातील आमच्या तिकीट कार्यालयाचा फोन दोन दिवस खाली ठेवता आला नाही. उमऱ्याला निघालेले भुसावळचे यात्रेकरू होते, दुबईहून सुट्टीवर येणाऱ्या मुलाची वाट पाहणारे शहाद्याचे वडील होते, अमेरिकेत लेकीकडे जाऊन परतीच्या वाटेवर असलेले चोपड्याचे आजी-आजोबा होते. विमाने बंद का पडली, हे फारसे कोणी विचारले नाही. “सुरू झाली म्हणतात, मग आमचेच का नाही?” हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येत राहिला. त्या दोन दिवसांत आणि त्यानंतर दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

हवाई क्षेत्र खुले झाल्याची बातमी आली आहे. माझे विमान आज सुटेल का?

सुटेलही, पण त्या बातमीच्या भरवशावर तसे गृहीत धरू नये. हवाई क्षेत्र खुले झाले याचा अर्थ एवढाच की, त्या पट्ट्यात आणि त्या उंचीवर उड्डाण करण्यास आता मनाई राहिलेली नाही. तुम्ही खुर्चीत बसून पट्टा बांधेपर्यंत आणखी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. ज्या विमानतळावरून निघायचे आणि जेथे उतरायचे ते दोन्ही विमानतळ राखेपासून मोकळे असावे लागतात. तुम्हाला नेणारे विमान तपासून झालेले आणि तुमच्या विमानतळावर हजर असावे लागते. ते चालवणारे वैमानिक व कर्मचारी नियमाप्रमाणे पुरेशी विश्रांती घेतलेले असावे लागतात. आणि शेवटी त्या विमानात तुमच्या नावाची जागा असावी लागते. यांपैकी कोणतीही एक गोष्ट राहिली, तर आकाश निरभ्र असूनही फलकावर ‘रद्द’ हाच शब्द दिसतो.

चाळीसगावकडील मंडळींना हे लगेच पटते, कारण कन्नड घाटात दरड कोसळली की काय होते ते त्यांनी अनुभवले आहे. दरड बाजूला काढल्याची बातमी सकाळी येते, रस्ता खरोखर खुला होतो, पण चाळीसगावहून सुटणारी बस पलीकडे संभाजीनगरला अडकलेली असते, तिच्या चालकाची पाळी रात्रीच संपलेली असते आणि स्थानकावर कालच्या दोन फेऱ्यांचे प्रवासी उभे असतात. विमानाच्या बाबतीत ‘पलीकडे’ म्हणजे दुसरा देश असतो, एवढाच फरक. जेद्दाहहून येणारे विमान आले नाही, तर तेच विमान घेऊन जाणारी मुंबई–जेद्दाह फेरी निघणार कशी? म्हणून बंदी उठल्यानंतरचा पहिला दिवस हा बहुतेक वेळा विमाने आणि माणसे आपापल्या जागी परत आणण्यातच जातो.

एवढीशी राख विमानाचे काय बिघडवणार? आमच्या चुलीतही राखच असते.

सगळ्या गैरसमजाचे मूळ ‘राख’ या शब्दात आहे. चुलीतील राख म्हणजे जळून गेलेल्या लाकडाचा किंवा गोवरीचा मऊ अवशेष. ज्वालामुखीची राख जळण्यातून तयार होत नाही. ती वितळलेल्या खडकाचा आणि काचेचा स्फोटात झालेला भुगा असते. दोन मिलिमीटरपेक्षा लहान कणांना शास्त्रज्ञ राख म्हणतात, आणि हजारो किलोमीटर प्रवास करणारे कण तर त्याहून कितीतरी बारीक, पिठासारखे असतात.

आमच्या एका ग्राहकाने बालीच्या सहलीवरून येताना औषधाच्या रिकाम्या बाटलीतून अशी चमचाभर राख आणली होती. दिसायला करड्या रंगाची, सिमेंटसारखी. चिमूटभर काउंटरच्या काचेवर टाकून बोटाने गोल फिरवली, तर करकर असा आवाज आला आणि पुसून काढल्यावर काचेवर केसासारख्या बारीक रेघांचे एक वर्तुळ उरले. ते आजही तेथे आहे, आणि “थोडी राख असली तर काय होते?” असे कोणी विचारले की मी त्यावर बोट ठेवतो.

आता हाच भुगा ताशी आठ-नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानावर आदळतो असे समजा. समोरची काच घासून दुधी होते, वेग मोजणाऱ्या नळ्या तुंबतात आणि इंजिनातील पात्यांच्या कडा झिजतात. खरा धोका मात्र इंजिनाच्या आत आहे. या राखेतील काचकण साधारण १,१०० अंश सेल्सिअसला वितळू लागतात आणि उड्डाणात जेट इंजिनाच्या गाभ्यातील तापमान सुमारे १,४०० अंशांपर्यंत असते. साहजिकच राख आत जाऊन वितळते, पुढे टर्बाइनच्या, म्हणजे गरम वायूंच्या जोराने फिरणाऱ्या पात्यांच्या चाकाच्या, तुलनेने थंड भागावर चिकटून तिचा काचेसारखा थर बसतो, हवेची वाट अरुंद होते आणि इंजिन गुदमरून बंद पडते.

हे प्रत्यक्ष घडले आहे. २४ जून १९८२ च्या रात्री लंडनहून मुंबई व क्वालालंपूरमार्गे ऑकलंडकडे निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी असलेले ते विमान ३७,००० फुटांवरून तरंगत खाली आले. राखेच्या ढगाबाहेर पडल्यावर, सुमारे १३,५०० फुटांवर इंजिने पुन्हा सुरू होऊ लागली आणि कॅप्टन एरिक मूडी यांनी जवळजवळ अपारदर्शक झालेल्या काचेतून पाहत ते जकार्ताला उतरवले. थंड झालेला काचेचा थर तडकून गळून पडल्यामुळेच इंजिनांना पुन्हा श्वास घेता आला. १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत केएलएमच्या विमानाचीही चारही इंजिने अशीच बंद पडली होती. तेही सुखरूप उतरले. पण दोनदा दैव पाठीशी उभे राहिले म्हणून तिसऱ्यांदा त्याच्या भरवशावर कोणी प्रवासी घेऊन जाणार नाही, आणि जाऊही नये.

वैमानिकाला रडारवर राख दिसत नाही का? दिसली तर वळसा घालता येईल.

विमानातील हवामानाचे रडार पावसाच्या थेंबांचा वेध घेण्यासाठी असते. राखेचे कोरडे, अतिसूक्ष्म कण त्याला सहसा जाणवतच नाहीत. रात्री तर डोळ्यांनाही काही दिसत नाही. १९८२ च्या विमानालाही रडारने कोणताच इशारा दिला नव्हता.

त्यामुळे राखेचा माग जमिनीवरून आणि उपग्रहांवरून काढला जातो. जगभरात यासाठी नऊ ज्वालामुखी राख सल्ला केंद्रे आहेत : अँकरेज, ब्युनोस आयर्स, डार्विन, लंडन, माँट्रियल, टोकियो, तुलुझ, वॉशिंग्टन आणि वेलिंग्टन. हायली गुब्बीच्या राखेविषयीच्या सूचना फ्रान्समधील तुलुझ केंद्राने दिल्या होत्या. उपग्रहावरील उपकरणे अवरक्त किरणांच्या दोन जवळच्या लहरींची तुलना करून साधा ढग आणि राखेचा ढग यांतील फरक ओळखतात, त्यात वाऱ्यांचा अंदाज मिसळला जातो आणि पुढील ६, १२ व १८ तासांत राख कोणत्या उंचीवर कोठे असेल याचा नकाशा तयार होतो. हा सल्ला साधारणपणे दर सहा तासांनी नवा होतो. “दुपारी काही सांगता येत नाही, संध्याकाळी फोन करा” असे उत्तर विमान कंपनीकडून मिळते, तेव्हा ती टाळाटाळ असेलच असे नाही. पुष्कळदा ते नव्या नकाशाची वाट पाहत असतात.

राख पूर्णपणे गेलेली नसतानाही उड्डाणे सुरू करतात असे ऐकले. हे सुरक्षित आहे का?

याचे उत्तर एप्रिल २०१० मध्ये आहे. १४ एप्रिल रोजी आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला (हे नाव त्या आठवड्यात जगातील एकाही वृत्तनिवेदकाला धड उच्चारता आले नाही, तेव्हा आपण संकोच करण्याचे कारण नाही) आणि १५ तारखेपासून युरोपचे आकाश एकेका देशाने बंद होत गेले. सुमारे आठवडाभरात एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द झाली आणि एक कोटीच्या घरात प्रवासी अडकले. तोवर नियम सरळ होता : जेथे राख असेल तेथे जायचे नाही, मग ती कितीही विरळ असो. पण उपग्रह आणि संगणक इतकी विरळ राखही दाखवू लागले होते की, त्या नियमाने अर्धा खंड ठप्प झाला.

तेव्हा इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना प्रथमच नेमका प्रश्न विचारला गेला की, किती राख सोसता येईल. तपासणी उड्डाणे झाली, इंजिने उघडून पाहिली गेली आणि २० एप्रिलला ब्रिटनने एका घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम राखेपर्यंत, ठरावीक खबरदारी घेऊन, उड्डाणास परवानगी दिली. पुढील महिन्यात ही मर्यादा अटींसह ४ मिलिग्रॅमपर्यंत नेण्यात आली. म्हणजे राख संपली म्हणून आकाश उघडले असे झाले नाही. किती राख चालेल हे ठरले म्हणून ते उघडले.

यात व्यापारी दबाव नव्हता असे मी म्हणणार नाही. विमान कंपन्यांचे रोजचे नुकसान प्रचंड होते आणि त्या उघडपणे ओरडत होत्या. तरीही हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण ‘राख आहे की नाही’ या प्रश्नापेक्षा ‘किती आहे आणि किती वेळ तिच्यातून जायचे आहे’ हा प्रश्न अधिक प्रामाणिक आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २४ नोव्हेंबर २०२५ रोजी कंपन्यांना दिलेल्या सूचनाही याच वळणाच्या होत्या : राख असलेली क्षेत्रे आणि उंची टाळावी, मार्ग व इंधनाचे नियोजन त्याप्रमाणे बदलावे आणि इंजिनाच्या कामगिरीत फरक, विमानात धूर किंवा वास असे काहीही जाणवल्यास ताबडतोब कळवावे.

स्फोट इथिओपियात झाला, मग मुंबई–कोलकाता विमान का रद्द झाले?

कारण विमान हे रेल्वेच्या डब्यासारखे एकाच मार्गाला बांधलेले नसते. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी हायली गुब्बीचा स्फोट झाला; त्या ज्वालामुखीच्या गेल्या हजारो वर्षांतील एखाद्या स्फोटाची नोंदच नव्हती. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली आणि वरच्या थरातील जोरदार वाऱ्यांबरोबर तांबडा समुद्र, येमेन, ओमान असा प्रवास करीत दुसऱ्याच दिवशी रात्री गुजरात, राजस्थान आणि दिल्लीकडे पोहोचली. आपली मुंबई ते हा ज्वालामुखी हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे.

या काळात आखातातून, युरोपातून आणि अमेरिकेतून आलेली काही विमाने राखेच्या जवळून गेली असण्याची शक्यता होती. अशी विमाने पुढच्या फेरीला न पाठवता आधी तपासली जातात. एअर इंडियाने २४ आणि २५ नोव्हेंबरला रद्द केलेल्या उड्डाणांत नेवार्क–दिल्ली आणि दोहा–मुंबई होती, तशीच चेन्नई–मुंबई आणि मुंबई–कोलकाताही होती. देशांतर्गत फेऱ्यांच्या वाटेवर राख असणे आवश्यक नव्हते. ती फेरी करणारे विमान तपासणीसाठी उभे असणे पुरेसे होते. या तपासणीत बोरोस्कोप नावाची बारीक, टोकाला कॅमेरा असलेली नळी इंजिनाच्या आत घालून एकेक पाते पाहिले जाते. डॉक्टर दुर्बीण घालून पोट तपासतात, तसाच हा प्रकार असतो आणि तितकाच वेळखाऊ.

विमानतळावरच राख पडली असेल तर?

तेव्हा उशीर अधिक होतो. धावपट्टीवरील राख कोरडी असताना प्रत्येक विमानाच्या झोताने पुन्हा उडते आणि ओली झाली की चिखलासारखी निसरडी होते, त्यामुळे उतरणाऱ्या विमानाला ब्रेक नीट लागत नाहीत. धावपट्टी, तिच्यापर्यंत विमान नेणारे रस्ते (टॅक्सी-वे) आणि विमाने उभी करण्याची जागा झाडून, भरून, वाहून न्यावी लागते, आणि नंतर घर्षणाची चाचणी घ्यावी लागते. सिसिलीतील कातानिया विमानतळाला एटना पर्वतामुळे हा व्याप वारंवार करावा लागतो. भारतातील विमानतळांवर २०२५ मध्ये ही वेळ आली नाही, कारण राख फार उंचावरून पुढे चीनकडे निघून गेली.

जळगावहून उडणारी लहान विमाने पंख्याची आहेत. त्यांना राखेचा त्रास होत नाही, हे खरे का?

खरे नाही. जळगाव विमानतळावर येणारी एटीआर विमाने बाहेरून पंख्याची दिसत असली, तरी तो पंखा फिरवणारे यंत्र टर्बाइनच असते आणि राख त्यालाही तेवढीच घातक आहे.

मात्र त्यांना एक नैसर्गिक संरक्षण मिळते, ते उंचीचे. एटीआर ७२ विमानाची कमाल उंचीच २५,००० फूट आहे आणि जळगाव–मुंबईसारख्या छोट्या पल्ल्यात ते त्याच्याही खूप खालून उडते. दूरदेशीची राख आपल्यापर्यंत येते ती बहुधा त्याहून वरच्या थरातून. म्हणून असे घडू शकते की, मुंबईहून आखातात जाणारे विमान रद्द आहे आणि जळगावहून मुंबईला जाणारे मात्र वेळेवर सुटत आहे. ऐकायला हे बरे वाटते. प्रत्यक्षात खान्देशातील प्रवाशाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

ती कशी? मी घरून नेमके कधी निघावे?

मुंबईत राहणारा माणूस विमान सुटण्याची खात्री झाल्यावर टॅक्सी बोलावू शकतो. आपल्याला ते शक्य नसते. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा रावेरच्या माणसाला तर आदल्या दिवशीच घर सोडावे लागते. याचा अर्थ निर्णय आपल्याला इतरांपेक्षा बारा ते अठरा तास आधी, म्हणजे माहिती सर्वांत अपुरी असताना घ्यावा लागतो.

यात मी स्वतः एकदा चुकलो आहे. २५ नोव्हेंबरला राख संध्याकाळपर्यंत भारताबाहेर जाईल असे हवामान विभागाने सांगितल्याचे वाचले आणि शिरपूरच्या एका कुटुंबाला मी उत्साहाने फोन करून “निघा, मार्ग मोकळा झाला” असे सांगितले. ते रात्रीच्या खासगी बसने निघाले, पहाटे मुंबईत उतरले, आणि त्यांचे आखातात जाणारे विमान दोन दिवसांनी सुटले. दोन लहान मुले आणि सात बॅगा घेऊन त्यांनी अंधेरीच्या लॉजमध्ये काढलेल्या त्या दोन रात्री माझ्या एका वाक्याने त्यांच्यावर आल्या होत्या. आकाशाची बातमी खरी होती. मी विमानाची चौकशी केली नव्हती.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय कोणालाही घर सोडा असे सांगत नाही. तुमच्या क्रमांकाचे उड्डाण कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ‘रद्द’ किंवा ‘वेळ बदलली’ असे दिसत नसले पाहिजे. त्याच क्रमांकाचे आदल्या दिवशीचे उड्डाण खरोखर सुटलेले असले पाहिजे. कंपनी काहीही सांगो, हा पुरावा सर्वांत भरवशाचा. आणि तिसरे म्हणजे, तुम्हाला नेणारे विमान तिकडून निघाले आहे का, हे पाहावे. विमानांचा थेट मागोवा दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ते कोणालाही विनामूल्य दिसते. आखातातून येणारे विमान हवेत असेल, तर तुमची फेरी होण्याची शक्यता चांगली. ही तिसरी खूण मात्र फार उशिरा मिळते, म्हणून लांबच्या तालुक्यांतील प्रवाशांनी पहिल्या दोन खुणांवर निघावे आणि तिसरी नाशिकच्या आसपास पोहोचल्यावर पाहावी. नाशिकहून परत फिरणे मनस्तापाचे असते, पण मुंबईत दोन रात्री काढण्यापेक्षा स्वस्त पडते.

माझे जळगाव–मुंबई आणि मुंबई–दुबई अशी दोन वेगळी तिकिटे आहेत. पुढचे रद्द झाले, तर मागच्याचे पैसे मिळतील का?

सहसा नाही. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील, तर पुढचा टप्पा रद्द झाल्यावर संपूर्ण प्रवासाची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळ्या तिकिटांच्या बाबतीत जळगावचे विमान वेळेवर सुटत असल्याने ते तुम्ही ‘स्वतःहून’ रद्द केले असे धरले जाते आणि नेहमीची वजावट होते. रेल्वेचेही तसेच, गाडी धावत असेल, तर विमान रद्द झाल्याचे कारण आरक्षणाच्या खिडकीवर चालत नाही, आणि कन्फर्म झालेल्या तत्काळ तिकिटाचे तर काहीच परत मिळत नाही. म्हणूनच परदेशी प्रवासासाठी आम्ही शक्य तेथे एकाच पीएनआरचा आग्रह धरतो, जरी त्याला चार पैसे अधिक पडले तरी.

विमान रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतात का? नुकसानभरपाईचे काय?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. कंपनीने उड्डाण रद्द केले, तर पर्यायी उड्डाण किंवा तिकिटाचे पैसे परत, यांपैकी काय हवे ते निवडण्याचा हक्क प्रवाशाला डीजीसीएच्या नियमांनी दिलेला आहे. भरपाई म्हणजे झालेल्या त्रासाबद्दल वरून मिळणारी रक्कम. ती नैसर्गिक आपत्तीसारख्या, कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणासाठी देय नसते, आणि ज्वालामुखी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. त्यामुळे काउंटरवर भरपाईसाठी वाद घालण्यात शक्ती खर्च करू नये. परतावा मात्र सोडू नये. ‘क्रेडिट शेल’ म्हणजे पुढील प्रवासासाठी रक्कम जमा ठेवण्याचा पर्याय पुढे केला जातो, तो स्वीकारण्याची सक्ती नाही.

तिकीट एजंटकडून काढले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच आहे, कारण एजंट हा तिचा प्रतिनिधी मानला जातो. (हे वाक्य माझ्याच व्यवसायबंधूंना आवडणार नाही, पण नियम तसा आहे.) कंपनीने दाद दिली नाही, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश, बोर्डिंग पास मिळाला असल्यास तो, आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

युरोपात अडकलो तर नियम वेगळे आहेत का?

होय, आणि ते प्रवाशाच्या बाजूने आहेत. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणारे कोणत्याही कंपनीचे उड्डाण, किंवा भारतातून युरोपला जाणारे युरोपीय कंपनीचे उड्डाण असेल, तर २००४ चा २६१ क्रमांकाचा युरोपीय नियम लागू होतो. त्यानुसार भरपाई नसली, तरी अडकलेल्या प्रवाशाचे जेवण आणि मुक्काम यांची सोय कंपनीने करावीच लागते. २०१० च्या राखेसंबंधीच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट केले की, ज्वालामुखीमुळे आकाश बंद पडले हे कारण देऊन कंपनीला ही जबाबदारी झटकता येणार नाही.

व्हिसा संपत आला आणि परतीचे विमान रद्द झाले, तर काय करावे?

व्हिसा संपण्यापूर्वी हालचाल करावी. संपल्यानंतर दिलेले कारण कितीही खरे असले तरी त्याचे वजन घटते. उड्डाण रद्द झाल्याचे पत्र विमान कंपनीकडून लेखी घ्यावे आणि त्या देशाच्या इमिग्रेशन कार्यालयाकडे मुदतवाढीचा अर्ज करावा. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, अपरिहार्य कारणाने अडकलेल्या प्रवाशाला विनाशुल्क मुदतवाढ देण्याची तरतूद आहे. आखाती देशांत नियम देशागणिक बदलतात, म्हणून तेथे भारतीय दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला कळवून ठेवणे उत्तम.

प्रवास विमा उपयोगी पडतो का?

स्फोटाची बातमी येण्यापूर्वी काढला असेल आणि त्यात विलंब व रद्दीकरणाचा समावेश असेल, तर पडतो. बातमी वाचून दुसऱ्या दिवशी काढलेल्या विम्यात ती घटना ‘आधीच ज्ञात’ धरली जाते.

विमाने सुरू झाली, पण मला चार दिवसांनंतरची तारीख दिली. आधी अडकलेल्यांना आधी जागा नको का?

न्यायाने पाहिले तर हवी. व्यवहारात तसे होत नाही, कारण उद्याच्या विमानात ज्यांची जागा पूर्वीपासून निश्चित आहे त्यांना कंपनी उतरवत नाही. रद्द झालेल्या उड्डाणांतील प्रवासी उरलेल्या रिकाम्या जागांवर बसवले जातात. १८० आसनांच्या विमानात रोज दहा-पंधराच जागा रिकाम्या राहत असतील, तर एका रद्द झालेल्या फेरीचे प्रवासी पोहोचवायला किती दिवस लागतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. यावर उपाय म्हणजे लवचीक राहणे. मुंबईऐवजी अहमदाबाद, हैदराबाद किंवा दिल्लीला उतरण्याची तयारी दाखवली, तर जागा लवकर मिळू शकते. नंदुरबार आणि नवापूरच्या मंडळींना तर सुरत किंवा अहमदाबाद हे मुंबईइतकेच सोयीचे आहे. तापी मार्गावरील गाडीत बसले की झाले. काउंटरवरील कर्मचारी ही गोष्ट स्वतःहून सुचवत नाहीत, कारण त्यांना नंदुरबार कोठे आहे हे ठाऊक नसते. आपणच विचारावे.

बालीची सहल ठरली आहे. रद्द करावी का?

एवढ्यासाठी रद्द करू नये. इंडोनेशियात ज्वालामुखी पुष्कळ आहेत आणि फ्लोरेस बेटावरील लेवोतोबी लाकी-लाकीमुळे नोव्हेंबर २०२४ आणि जून २०२५ मध्ये बालीची विमाने विस्कळीत झाली. जूनमध्ये दिल्लीहून निघालेले एक विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग पर्वतामुळे बालीचा विमानतळच दोन-तीन दिवस बंद राहिला. वारा फिरला की तेथे सेवा लवकर पूर्ववत होते. फक्त परतीच्या दुसऱ्याच दिवशी घरी साखरपुडा किंवा मुलाची परीक्षा ठेवू नये. दोन दिवस हाताशी असावेत.

राखेमुळे आखातात जाणारी आपली केळी अडकतात का?

नाही. रावेर, यावल, सावदा भागातील निर्यातीची केळी शीतगृहाच्या कंटेनरमध्ये, सुमारे १३-१४ अंश तापमानाला, समुद्रमार्गे जातात. आकाश बंद असले तरी न्हावा शेवा बंदरातून जहाजे सुटत राहतात.

ही राख आपल्या शेतांवर पडू शकते का? खान्देशात कधी ज्वालामुखी होता का?

२०२५ मध्ये आलेली राख वातावरणाच्या वरच्या थरात होती आणि जमिनीवरील हवेवर तिचा परिणाम नगण्य असल्याचे हवामान विभागाने तेव्हाच सांगितले होते. भारताचा सध्याचा एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे, आणि तो खान्देशापासून फार दूर आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र होय असे आहे, फक्त काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याने बनले, तो शंकूसारख्या पर्वतांच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला. त्या भेगांत थिजून राहिलेला खडक धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आजही उघडा पडलेला दिसतो. साक्रीकडे जाताना शेतांमधून सरळ रेषेत गेलेले, एखाद्या पडक्या तटासारखे काळे दगडी बांध दिसतात, तेच हे. गुराखी पोरे त्यांच्या सावलीला बसून भाकरी खातात, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना त्याच लाव्ह्याची झिजून झालेली काळी माती कपाशी पिकवते.